हरवलेली किल्ली आणि दुसरी प्रत : गुप्तधन, हुंडी, सकळ लिपी व कूटचलन यांचा एक ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : बीड जिल्हा)

प्रस्तावना

बीड शहराच्या परिसरातील खजाना विहीर पाहण्यासाठी येणाऱ्या परगावच्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : यात खजिना कुठे आहे? मुर्तजा निजामशहाच्या काळात, इ. स. १५८२ च्या सुमारास, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने राजा भास्कर या स्थापत्यकाराकडून ही विहीर बांधवून घेतली. खजिन्यातील पैसा तिच्यावर खर्च झाला म्हणून तिला हे नाव पडले असे सांगतात. तो पैसा पाण्याच्या रूपाने आजही डोळ्यांसमोर आहे आणि अवर्षणातही हे पाणी टिकते अशी विहिरीची ख्याती आहे. मात्र ज्या धनावर खर्चाचा शिक्का बसला नाही, जे धन्याने स्वतःच्याच हाताने लपविले आणि ज्याची जागा त्याच्याबरोबर गेली, त्या धनाचा इतिहास लिहिणे अवघड आहे.

प्रस्तुत निबंधाचा विषय असे धन परत मिळविण्याचा आहे. गेल्या पंधरा वर्षांत हा प्रश्न बिटकॉइनसारख्या कूटचलनाच्या रूपाने नव्याने उभा राहिला. बँक अथवा दलाल मध्ये न घेता स्वतःच्या ताब्यातील डिजिटल वॉलेटमध्ये हे चलन ठेवता येते. वॉलेटची किल्ली हरवली की मात्र दाद मागायला कोणतेही कार्यालय नसते. तंत्रज्ञ या प्रश्नाकडे गणिताचा प्रश्न म्हणून पाहतात. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात जुनी ओळखीची माणसे दिसतात. शेतात हंडा पुरणारा शेतकरी, हुंडी हरवलेला व्यापारी आणि सांकेतिक लिपीत पोथी लिहिणारा महंत या तिघांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडविला होता, किंवा तो त्यांना सोडविता आला नव्हता.

पुरलेले धन आणि पायाळू माणूस

इ. स. १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे स्वतःचे चलन होते. हाली सिक्का किंवा उस्मानिया सिक्का या नावांनी ते व्यवहारात ओळखले जाई, आणि सात हाली रुपयांना सहा इंग्रजी रुपये हा दर जुन्या माणसांच्या तोंडी असे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १९५० मध्ये भारतीय रुपया हाली रुपयाच्या जोडीला आला, १९५१ मध्ये हाली चलन काढणे थांबले आणि १९५९ मध्ये ते पूर्णपणे रद्द झाले. ज्या घरात चारमिनारचे चित्र असलेले चांदीचे रुपये पुरलेले होते, तेथे ते १९५९ नंतरही चांदी म्हणून विकता आले. ज्या घरात हाली नोटांची पुडकी होती, तेथे उरला तो कागद. स्वतःच्या ताब्यात ठेवलेल्या धनाचे मोलही बाहेरच्या जगाच्या संमतीवर अवलंबून असते, याचा धडा मराठवाड्याने असा एका पिढीतच घेतला.

धन पुरण्यामागे भीती होती : दरोडेखोरांची, सावकाराची, सरकारी वसुलीची आणि पुष्कळदा भाऊबंदांची. म्हणून जागा एकालाच ठाऊक असे. घरातील स्त्रीला ती सांगितली जाईच असे नव्हते, आणि कर्ता पुरुष अकस्मात गेला की घरच्यांच्या हाती एखादी अर्धवट आठवण तेवढी राहत असे. ही पोकळी लोकसमजुतीने भरून काढली. पुरलेल्या धनावर नागाचा पहारा असतो, आणि पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीखालचे धन दिसते, अशा समजुती महाराष्ट्रभर आढळतात. त्यांच्या आधारे फसवणूक झाली आणि प्रसंगी त्याहून भयंकर प्रकारही घडले. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी अधिनियमाच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख करावा लागला, यावरून ही समजूत किती खोलवर गेली होती हे लक्षात येते.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ साली केलेल्या निखात निधी कायद्याने या प्रश्नाला वेगळी बाजू दिली. दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास कळवावे, जिल्हाधिकाऱ्याने जाहीर सूचना काढून हक्क सांगणाऱ्यांना बोलवावे, आणि आपण किंवा आपल्या पूर्वजाने ते धन शंभर वर्षांच्या आत पुरल्याचा दावा विश्वसनीय वाटल्यास निर्णयासाठी दिवाणी न्यायालयाचा मार्ग मोकळा ठेवावा, अशी त्यात व्यवस्था आहे. धनी न मिळाल्यास, वेगळा करार नसेल तर, शोधणाऱ्यास तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकास एक चतुर्थांश वाटा मिळतो. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, कायदा धन शोधून देत नाही. ते सापडल्यानंतर कोणाचे, एवढेच तो ठरवितो.

हुंडी हरवली तर

बाजारपेठेतील व्यापाऱ्याची रीत याहून अगदी निराळी होती. रोख रक्कम प्रवासात न्यावी लागू नये म्हणून तो हुंडी लिहून घेई. आता हुंडी हा कागदच. तो वाटेत हरवे, भिजे, चोरीला जाई. अशा वेळी हुंडी लिहिणारा सराफ दुसरी प्रत देत असे. तिला पेंठ म्हणत. पेंठही हरवली तर परपेंठ, आणि तीही गेली तर मेजर, म्हणजे पंच महाजनांच्या साक्षीचा लेख. प्रत्येक नव्या लेखात आधीच्या लेखाचा उल्लेख असे, त्यामुळे एकाच रकमेची दोनदा उचल होण्याला आळा बसे. रक्कम चुकती झालेली हुंडी खोखा म्हणून जपून ठेवली जाई. शाहजोग हुंडीची रक्कम तर बाजारात पत असलेल्या शाहालाच मिळत असे. चोराच्या हाती हुंडी लागून चुकीच्या माणसाला पैसे गेलेच, तर मागे वळून कोणाला धरायचे हे पेढीला ठाऊक असे.

या व्यवस्थेत किल्ली हरवणे शक्य होते, पण अखेरची किल्ली कोणा एकाच्या हातात नव्हती. ती सराफाच्या वहीत, पेढीच्या आडतियाकडे आणि महाजनांच्या स्मरणात विखुरलेली होती. १८८१ च्या परक्राम्य लेख अधिनियमानेही देशी भाषांतील लेखांबाबतचे स्थानिक रिवाज कायम ठेवले, हे या संदर्भात अर्थपूर्ण आहे. अर्थात या व्यवस्थेचे कौतुक करताना तिची किंमत विसरता येणार नाही. पेंठ मिळायची ती पत असलेल्याला. ज्याला बाजारात कोणी ओळखत नव्हते, त्याच्यासाठी मेजरावर सही करायला महाजन जमत नसत. गरिबाने धन पुरले आणि श्रीमंताने हुंडी लिहिली, यामागे स्वभावापेक्षा पतीचा फरक अधिक होता असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सकळ लिपी आणि हिराइसेचे स्मरण

किल्ली हरवूनही ऐवज परत मिळाल्याचे मराठीतील सर्वांत मोठे उदाहरण धनाचे नसून वाङ्मयाचे आहे. गोदावरीकाठचे पांचाळेश्वर हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील स्थान महानुभाव पंथीयांचे महत्त्वाचे तीर्थ आहे. या पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बांधून ठेवले. सकळ लिपीचे कर्तृत्व परंपरेने रवळोव्यासांकडे दिले जाते. पोथ्या मठांत सुरक्षित राहिल्या, पण पंथाबाहेरच्या वाचकांस त्या शतकानुशतके बंद होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी या लिपीची उकल केली, वि. ल. भावे यांनीही या वाङ्मयाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, आणि मराठी गद्याचा आरंभकाळच नव्याने लिहावा लागला. ही उकल शक्य झाली याची कारणे साधी आहेत. लिपी अक्षराऐवजी अक्षर ठेवण्याच्या नियमाने बनलेली होती, मजकूर भरपूर उपलब्ध होता, भाषा ओळखीची होती, आणि पंथात ती वाचणारी माणसे हयात होती.

याच परंपरेतील दुसरी घटना आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली. तेव्हा ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या, त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. त्यांत हिराइसा ही एकपाठी स्त्री अग्रगण्य होती, आणि तिच्या नावाचा पाठ अभ्यासकांना परिचित आहे. स्मरणातून ग्रंथ परत मिळाला, पण एकाचे अनेक पाठ झाले. ग्रंथाला हे चालते. शब्द इकडचा तिकडे झाला तरी लीळा लीळाच राहते. यापुढे ज्या किल्लीचा विचार करावयाचा आहे, तिला मात्र पाठभेद मुळीच चालत नाही.

बारा शब्दांची किल्ली

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये बिटकॉइनची कल्पना मांडली गेली आणि जानेवारी २००९ मध्ये तिची खातेवही सुरू झाली. वॉलेट म्हणजे पैशाची पिशवी हा समज सर्वत्र आहे, तो आधी दूर केला पाहिजे. चलनाची नोंद जगभरच्या हजारो संगणकांवरील एकाच सामायिक खातेवहीत असते. वॉलेटमध्ये असते ती केवळ त्या नोंदीवर हुकूम चालविणारी गुप्त संख्या. म्हणून फोन फुटला तरी चलन जात नाही, आणि संख्या गेली तर फोन शाबूत असूनही उपयोग नाही. पुरलेला हंडा दृष्टीआड असतो. येथे उलट धन कोणालाही दिसते, हात मात्र कोणाचाच पोहोचत नाही.

ही संख्या माणसाला लिहून ठेवता यावी म्हणून २०१३ मध्ये एक पद्धत रूढ झाली. २,०४८ ठरावीक शब्दांच्या यादीतून बारा किंवा चोवीस शब्द क्रमाने दिले जातात. त्यांना बीजशब्द म्हणू. यादी इंग्रजी, जपानी, स्पॅनिश, फ्रेंच इत्यादी भाषांत आहे. भारतीय भाषांपैकी एकाही भाषेत अधिकृत यादी नाही. म्हणजे बीडच्या तरुणालाही आपली किल्ली परकीय शब्दांतच लिहावी लागते. त्याने ते शब्द देवनागरीत उतरविले तर काय होईल? यादीत लिहिणे या अर्थाचा ‘राइट’ आहे आणि उजवा किंवा योग्य या अर्थाचाही ‘राइट’ आहे. देवनागरीत दोन्ही एकच दिसतात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद न पाळणारे मोडी कागद ज्याने वाचले आहेत, त्याला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. सुदैवाने येथे दोनच पर्याय असल्याने दोन्ही ताडून पाहता येतात.

परत मिळविण्याची शक्यता नेमकी येथूनच मोजता येते. बारांपैकी एक शब्द पुसला गेला असून त्याची जागा ठाऊक असेल, तर २,०४८ पर्याय उरतात. पडताळणीसाठी शब्दांतच गुंफलेल्या अंकांमुळे त्यांतले सुमारे १२८ च ग्राह्य ठरतात. ते सामान्य संगणकालाही क्षणाचे काम आहे. दोन शब्द गेले तर ४१,९४,३०४ पर्याय होतात. सगळे शब्द आहेत पण क्रम विस्कटला आहे, अशा वेळी ४७,९०,०१,६०० मांडण्या संभवतात, आणि त्याही तपासता येतात. चार शब्द गेले की संख्या १७ लाख कोटींच्या पुढे जाते. बाराही शब्द गेले तर ३४ वर ३७ शून्ये एवढ्या शक्यतांसमोर जगातील कोणतीही यंत्रणा हतबल आहे. थोडक्यात, अवशेष असेल तर उत्खनन होते. पुष्कळदा चलन हरवलेलेही नसते. जुने वॉलेट एका नियमाने पत्ते काढत असे आणि नवे दुसऱ्या नियमाने काढते, म्हणून शिल्लक शून्य दिसते. जुना संगणक, फोन, वह्या यांना हात लावण्यापूर्वी त्यांची नक्कल करून ठेवावी, हा पुराभिलेखागारातील नियम येथेही तसाच लागू पडतो.

जगातील गाजलेली उदाहरणे याला पुष्टी देतात. वेल्समधील न्यूपोर्ट येथे जेम्स हॉवेल्स यांची सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली असलेली हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. कचराभूमी खणू देण्याची त्यांची मागणी जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने फेटाळली. उलट २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रकरणात जो ग्रँड या अमेरिकी तंत्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्याने ४३.६ बिटकॉइनचे कुलूप उघडले. पासवर्ड तयार करणाऱ्या संगणकप्रणालीची जुनी आवृत्ती घड्याळातील वेळेवरून अक्षरे निवडीत होती, हा दोष त्यांनी हेरला आणि २०१३ मधील संभाव्य दिवस एकेक करून तपासले. राजवाड्यांच्या हाती लिपीचा नियम लागला, त्यातलाच हा प्रकार होय.

किल्ली हरवल्याचा दावा

येथे इतिहासकाराने सावध राहिले पाहिजे, कारण किल्ली हरवली असे सांगणारा प्रत्येक जण खरे बोलतोच असे नाही. कॅनडातील क्वाड्रिगा या चलनबाजाराचा चालक जेराल्ड कॉटन याचा डिसेंबर २०१८ मध्ये जयपूर येथे मृत्यू झाला. ग्राहकांचे चलन ज्या वॉलेटांत आहे त्यांची किल्ली केवळ त्याच्याजवळ होती, असे सांगण्यात आले. चौकशीत ती वॉलेटे बव्हंशी आधीच रिकामी असल्याचे आढळले, आणि ओंटारियोच्या रोखे आयोगाने २०२० मध्ये हा प्रकार फसवणुकीचा ठरविला. पुरलेल्या हंड्यात मुळात काही होते काय, हा प्रश्न नागाच्या पहाऱ्याआधी विचारावयास हवा.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर गेनबिटकॉइन प्रकरण सर्वांत व्यापक आहे. दरमहा १० टक्के परताव्याच्या आमिषाने गोळा केलेल्या बिटकॉइनबाबत २०१८ मध्ये पुण्यात गुन्हे दाखल झाले. मुख्य आरोपी अमित भारद्वाज जानेवारी २०२२ मध्ये मरण पावला. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सहआरोपी असलेल्या त्याच्या भावाला वॉलेटचे नाव व पासवर्ड तपास यंत्रणेस देण्यास सांगावे लागले. त्याच महिन्यात, या तपासात पोलिसांना तांत्रिक साहाय्य करणाऱ्या दोन तज्ज्ञांनाच जप्तीतील चलन वळविल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी अटक केली. डिसेंबर २०२३ मध्ये तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुणे, नांदेड, कोल्हापूरसह सुमारे ६० ठिकाणी छापे पडून २३.९४ कोटी रुपयांचे कूटचलन हस्तगत झाले. यात नांदेडचे नाव यावे, ही मराठवाड्याच्या दृष्टीने विचार करण्याजोगी बाब आहे.

याच वाटेवर आजचे पायाळू उभे आहेत. हरवलेले चलन शोधून देतो असे सांगून आगाऊ रक्कम किंवा उरलेले बीजशब्द मागणारे लोक समाजमाध्यमांवर पावलोपावली भेटतात. खरा तंत्रज्ञ काय आठवते, कोणते वॉलेट होते, कोणत्या वर्षीचे, हे विचारतो आणि अवशेष नसेल तर काम नाकारतो. जो काहीही नसताना यशाची हमी देतो, त्याच्या हातातील अंजन जुनेच आहे.

ताबा कोणाचा

स्वतःच्या ताब्याचा आग्रह निव्वळ हट्टातून येत नाही. बीडकरांना हे सांगण्याची गरज नाही. २०२३ पासून ज्ञानराधा मल्टिस्टेट या बीडमधील पतसंस्थेतील ठेवी अडकल्या, आणि पासबुक हातात असूनही ठेवीदार रांगेत उभे राहिले. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय चलनबाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरचे कूटचलन चोरीस गेले. दुसऱ्याकडे ठेवलेले असे बुडाल्यावर माणूस पुन्हा हंडा पुरायला निघतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कूटचलन ही मालमत्ता असल्याचे म्हटले. त्यामुळे वारसाला हक्क सांगता येईल. पण बँकेच्या खात्याला वारसनोंद असते, सातबाऱ्यावर फेरफार होतो; बीजशब्दांना फेरफार नाही. न्यायालय वारसाचे नाव घोषित करू शकेल, मृताच्या स्मरणातील बारा शब्द मात्र त्याला मागविता येणार नाहीत.

दुसऱ्या प्रतीची गरज तंत्रज्ञांनाही जाणवली आहे. आदी शमीर यांनी १९७९ मध्ये एक गुपित अनेक भागांत वाटून त्यांतील ठरावीक भाग एकत्र आल्यासच उघडेल अशी रीत मांडली. तीनपैकी दोन सह्यांनी चालणारी वॉलेटे प्रचारात आहेत. सरकारी कोषागाराच्या तिजोरीला दोन कुलपे लावून दोन अधिकाऱ्यांकडे किल्ल्या देण्याची पद्धत, किंवा मेजरावर सह्या करणारे महाजन, यांहून हे तत्त्व वेगळे नाही. फरक इतकाच की आता महाजन कुटुंबातूनच निवडावयाचे आहेत. हंड्याची जागा जिला सांगितली जात नव्हती त्या घरातल्या स्त्रीला त्या तिघांत घेतले जाते की नाही, हे बीड, गेवराई, अंबाजोगाईच्या घरांतून विचारून पाहिले पाहिजे. आजोबांची मोडी वही वाचता न येणारी नातवंडे आज आपल्या बापाच्या फोनसमोर बसली आहेत, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या आईला यातले काही सांगितले होते का, हा प्रश्न त्यांनी अजून तिला विचारलेला नसतो.